साखरेच्या डब्यावरचं लाल कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं लाल कुलूप आहे. चोरांशी माझा काडीचाही संबंध नाही. माझा जन्म माणसांचे हात वाचवण्यासाठी झाला. आम्ही चाळीस भावंडं एकाच दिवशी एकाच साच्यातून निघालो, त्यामुळे आमच्यात थोरलं कोण यावरून अजून भांडणं चालू आहेत. प्रत्येकाची किल्ली मात्र वेगळी. एक कुलूप, एक किल्ली आणि ती एकाच माणसाच्या खिशात, असा आमच्या कुळाचा नियम.

मला पाव-बिस्किटांच्या एका कारखान्यात आणलं. तिथल्या प्रशिक्षणाच्या खोलीत गार हवा होती, मऊ खुर्च्या होत्या आणि भिंतीला टेकवलेली एक लाकडी फळी होती. फळीवर लुटूपुटूचं यंत्र: एक बटण, एक दिवा आणि वीज तोडायचा एक खटका. शिकवणाऱ्या बाई विचारायच्या, "यंत्रात हात घालायच्या आधी काय करायचं?" आणि सगळे शाळेतल्या पाढ्यासारखे म्हणायचे, "खटका पाडायचा, कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची, मग बटण दाबून बघायचं!"

"शाबास! कुलूप लावलं की तुमच्या सासऱ्यालासुद्धा यंत्र चालू करता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"सासरा नाही हो बाई, माझा मेहुणा आहे पुढच्या पाळीला," पैलवान म्हणाला आणि खोली हसली.

हा पैलवान माझा धनी. कणीक मळायच्या मोठ्या यंत्रावर काम करायचा. नावाला पैलवान; पंख्याखाली उभा राहिला की दोघं जण त्याला धरून ठेवत, नाहीतर तो खिडकीतून शेजारच्या गावात पोचला असता. पण हात चपळ! चार सेकंदांत त्याने मला फळीवर लावलं. टाळ्या पडल्या, प्रमाणपत्र मिळालं. त्याच्या लेकीने ते घरी आरशाशेजारी चिकटवलं.

सोमवारी तो मला घेऊन खऱ्या यंत्रापाशी गेला. एखादं वासरू पोहेल एवढं मोठं त्याचं भांडं. पैलवानाने खटका पाडला आणि मला अडकवायला गेला. अडकवतो कुठे? फळीवरच्या खटक्याला कडी जाईल असं भोक होतं. हा खटका जुना, त्याला भोकच नव्हतं. पैलवानाने मला वरून लावून पाहिलं, बाजूने पाहिलं, उलटंही करून पाहिलं. मग तो साहेबांकडे गेला. त्या साहेबांना सगळे 'करूया साहेब' म्हणत.

"साहेब, खटक्याला भोकच नाही. कुलूप लावू कुठं?"

"करूया, करूया. एवढी ऑर्डर जाऊ दे."

"मग बाईंना सांगू का?"

"त्यांचं शिकवून झालं की! चाळीसच्या चाळीस पास. आता त्यांना कशाला त्रास?"

पैलवानाने तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणालं, "पैलवान, गळ्यात बांध ते कुलूप, शोभून दिसेल!" तो ओशाळला. त्याने मला चहाच्या साखरेच्या डब्याला लावून टाकलं.

मित्रांनो, तिथे माझं फार कौतुक झालं. एका उंदराच्या सात पिढ्या माझ्यापुढे दात झिजवून म्हाताऱ्या झाल्या. आठवी पिढी तर बोळकं घेऊनच जन्मली. "साखर अगदी सुरक्षित!" लोक म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण डब्याच्या मांडणीवरून यंत्र समोरच दिसत होतं. रोज पाळी संपताना पैलवान खटका पाडायचा, वाकायचा आणि कोपरापर्यंत हात घालून चिकटलेली कणीक खरवडायचा. मी इकडे साखर राखत बसलेलो. कुलपाला तोंड असतं, पण किल्लीपुरतं. त्यातून हाक निघत नाही.

एके दिवशी मेहुणा जरा लवकर आला. बिचारा कामसू. यंत्र बंद, माणूस दिसेना. काडीसारखा पैलवान भांड्याच्या कडेआड वाकलेला.

"दाजी गेले वाटतं हात धुवायला. चला, आपणच सुरू करू," असं म्हणून त्याने खटका वर केला आणि बटण दाबलं.

मी सगळं पाहिलं. कडी ताणून ताणून तुटली असती तर बरं, असं वाटलं. किंकाळी ऐकताच मेहुण्यानेच खटका पाडला. तेवढ्यात पैलवानाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्यांदाच यंत्रापाशी आल्या. खटक्यावर बोट फिरवून त्यांनी भोक शोधलं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"दाजींनी तीनदा विचारलं होतं साहेबांना," मेहुणा म्हणाला. "आणि तुम्ही इकडे कधी आलाच नाहीत, बाई."

बाई तिथेच मैद्याच्या पोत्यावर बसल्या. फिटरने खटक्याला भोकाची एक लोखंडी पट्टी बसवली. त्याचा चहासुद्धा निवला नव्हता, तेवढ्यात काम झालं.

तीन महिन्यांनी पैलवान कामावर आला. आता तो मला डाव्या हाताने खटक्याला लावतो. चार सेकंदांचं काम, त्याला मिनिट लागतं. मग मेहुणा येतो, मला तीनदा ओढून बघतो, बटण दाबून बघतो, आणि तरीही तिथून हलत नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातलं कुणी शिकवणारं होईल, कुणी साहेब होईल. टाळ्या झाल्या म्हणून तिथेच थांबू नका. शिकलेल्या माणसाबरोबर त्याच्या यंत्रापर्यंत चालत जा. तो तिथे काय शोधतोय ते बघा. बाई आता तशा जातात; भोक नसलेल्या सगळ्या खटक्यांची यादीही त्यांनी साहेबांना दिली आहे.

समोरच्या दारातून मला पॅकिंग विभाग दिसतो. माझं एक भावंड तिथे चपलांच्या कपाटाला लटकलंय. त्याची धनीण, पॅकिंगच्या काकू, रोज सरकत्या पट्ट्याखाली हात घालून अडकलेले पुडे काढतात. आज त्यांनी खटक्याच्या भोकाचं दुसऱ्यांदा विचारलं.

साहेब म्हणाले, "करूया."