सासुमतीची गाडी

आमच्या घरात माझ्या नावावर काय होतं, तर एक हिवताप आणि दोन बाळंतपणं. बाकी सगळं दुसऱ्या कुणाचं तरी. घर, दुकान, गॅस, पाण्याचं बिल, एवढंच काय, माझ्या शिलाई मशीनच्या पावतीवरसुद्धा नवऱ्याचं नाव. ते मशीन त्यांना पुसतासुद्धा येत नाही.

गाडी मात्र माझ्या पैशांची होती. राजकोटात घरोघरी बायका इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवतात, तशी मीही सुरुवातीला स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून चिकटवायचे. एकदा तर भाकरीतून हिरवा खडा निघाला आणि जेंतीभाईंची दाढ गेली. जेंतीभाई म्हणजे माझे मिस्टर, जयंतीलाल वेकरिया. पुढे काम वाढलं, मागच्या अंगणात पत्रे टाकून बायका कामाला बसवल्या. माल पोचवायला रिक्षावाल्यांची मनधरणी करून कंटाळले आणि गाडी चालवायला शिकले. मग घरात जाहीर केलं की गाडी घ्यायची, आणि ती माझ्या नावावर.

"तुझ्या नावावर कशाला?" जेंतीभाई म्हणाले. "तू आणि मी काय वेगळे आहोत?"

"नाही ना? मग माझ्याच नावावर घेऊ."

त्यांनी पेपर वर केला. त्यांच्याकडे उत्तर नसलं की पेपर वर जातो. कोपऱ्यात माझ्या सासूबाई, संतोकबा, माळ ओढत बसल्या होत्या. घरातल्या सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला. त्या काही फाटे फोडणार असं मला वाटलं, पण बा म्हणाल्या, "घेऊ दे तिला. भाव मी करीन."

गोंडल रोडवरच्या शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. जाताना बांनी मला तंबी दिली, "वहू, तिथं तोंड उघडायचं नाही. गाडी आवडली असं तुझ्या तोंडावर दिसलं की भाव चढतो." मग आत शिरून त्या चपला काढून सोफ्यावर मांडी घालून बसल्या आणि आलेली कोल्ड कॉफी बशीत ओतून प्यायल्या.

आमच्या वाट्याला आलेला सेल्समन मितुल. टाय, गुळगुळीत भांग, आणि बोलणं इतकं शुद्ध की ऐकणाऱ्याला आपली जीभ धुवून घ्यावीशी वाटावी. पोरगा मूळचा जसदणकडचा, आमच्यासारखाच. आमच्या काठियावाडात स म्हणायला जीभ कंटाळते. साडीची हाडी होते, सोन्याचं होनं, आणि सासूची हाहू. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मितुलला ह चा स करायला शिकवलं होतं. कुठल्या ह चा करायचा, ते बहुतेक दुसऱ्या दिवशी शिकवणार होते आणि त्या दिवशी तो गेला नसावा.

"काय भाव?" बांनी विचारलं.

"सात लाख चाळीस हजार, बा. ऑन-रोड."

"ऑन-रोड म्हणजे?"

"रस्त्यावर आल्यावर पडणारा भाव."

"मग रस्त्यावरच उभी करून विकायची ना. इथं गारव्यात बसवलंस, त्याचे पण लावले असशील. हात लाख देईन."

"सात, बा."

"तेच म्हणतेय. हात."

मितुलनं हसून कागद पुढे केला. बांना वाचता येत नाही, पण आकडा कळतो, आणि आकड्याखाली लपवलेला आकडा तर फारच छान कळतो. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"हँडलिंग चार्ज. गाडी गोडाऊनमधून इथं आणायची ना, बा."

"गोडाऊनचा पत्ता दे. माझा जेंती जाऊन घेऊन येतो."

हँडलिंग गेलं. मग बा दोन वेळा उठून दारापर्यंत गेल्या. पहिल्यांदा मॅट आणि सीट कव्हरं फुकट झाली. दुसऱ्यांदा विम्यातले काही हजार कमी झाले. आवडलेल्या लाल गाडीकडे नजर जाऊ नये म्हणून मी तोंड मिटून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते आणि जेंतीभाई, ज्यांनी आयुष्यात भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस केली नाही, ते शरमेनं एसीखालीही घामाघूम झाले होते. शेवटी मितुल रडकुंडीला येऊन म्हणाला, "बा, आता माझ्या पगारातून जाईल हं."

"किती पगार आहे तुझा?"

त्यानं सांगितला. बांना खरंच वाईट वाटलं. "एवढ्यासाठी गळ्यात फास बांधतोस होय रे दीकरा?" म्हणाल्या, आणि सौदा मिटवला. निघता निघता टेबलावरची ठाकोरजींची छोटी मूर्ती उचलली. मितुल म्हणाला ती डिस्प्लेची आहे. "देव डिस्प्लेला ठेवतात मेले," असं म्हणून बांनी ती पिशवीत टाकली.

गाडी पुष्य नक्षत्राला घरी आणायची ठरली. त्या दिवशी अर्धं राजकोट गाडी नाहीतर सोनं घेतं, त्यामुळे शोरूमवाल्यांची पळापळ. माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स त्यांच्याकडे होती, पण ती फाईल कुठे गेली कोण जाणे. मितुलनं बिल करण्यासाठी घरी फोन केला. मी पत्र्याखाली खडे मोजून देत होते. फोन बांनी उचलला.

गाडी आली. चाकाखाली लिंबं चिरडली, पेढे वाटले, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी घेऊन फोटो निघाला. फोटोत चावी बांच्या हातात, जेंतीभाई त्यांच्या शेजारी, आणि माझं अर्धं डोकं. मी मनाशीच समजूत काढली. म्हटलं, फोटो कुणाचाही असो, कागद माझा आहे.

तो कागद काही दिवसांनी पोस्टानं आला. जेंतीभाईंनी पाकीट फोडलं, मोठ्यांदा वाचलं, आणि खुर्ची शोधून खाली बसले.

"सासुमतीबेन जयंतीलाल वेकरिया," ते म्हणाले. मग हसायला लागले ते थांबेचनात. मी आरसी बुक हिसकावून घेतलं. माझं नाव हसुमती. गेली सत्तेचाळीस वर्षं हसुमती. आणि इथं स्वच्छ, ठसठशीत अक्षरांत सासुमती. पुढे नवऱ्याच्या जागी जयंतीलाल. म्हणजे कागदोपत्री या माणसानं सासूशी लग्न लावलं होतं आणि वर तोच हसत होता.

बांनी ते नाव तीनदा वाचायला लावलं. "बघ," म्हणाल्या, "हरकारला पण कळतं घरात मोठं कोण ते." संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला बातमी गेली होती. येता जाता माणसं विचारायची, "कुणाची गाडी?" आणि आतून बा ओरडायच्या, "हाहूची!" सगळे हसायचे. मी पत्र्याखाली जाऊन रडले, आणि रडताना चिमट्यातला खडा उडाला तो अजून सापडलेला नाही. लोकांना वाटेल, एका अक्षराचं एवढं काय. पण मला आयुष्यात एकदा, एका कागदावर, मालक या शब्दासमोर स्वतःला बघायचं होतं. आणि तिथंसुद्धा सासू बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी शोरूमला निघाले. जेंतीभाई आले. बा न बोलावता आल्या.

मॅनेजर कोटेचा म्हणून होते, गोड माणूस, पेढ्यासारखा. म्हणाले, "बेन, एकदम सोपं आहे. एक अॅफिडेव्हिट करू. हसुमती उर्फ सासुमती, दोन्ही एकच व्यक्ती. स्टॅम्प पेपर आमचा, नोटरी आमची, वर गाडीत लावायचं परफ्युम फ्री. तुम्ही फक्त सही करायची."

"चूक तुमची," मी म्हटलं, "आणि उर्फ मी होऊ?"

"बेन, नाव बदलायला परत सगळं करावं लागेल. बिल, विमा, अर्ज, फी..."

"करा."

जेंतीभाई कानाशी येऊन म्हणाले, "अगं, टाक ना सही करून. आपल्याला काय आरसी बुक फ्रेम करून भिंतीवर लावायचंय?"

"मला लावायचंय."

त्यांनी पेपर शोधायला इकडंतिकडं पाहिलं. शोरूममध्ये नुसती गाड्यांची चित्रं होती.

कोटेचांनी मितुलला बोलावलं. तो मान खाली घालून आला. "मासी, मी फोनवर नाव विचारलं. बा बोलल्या, हसुमती. आता बा सातला हात म्हणतात, साडीला हाडी. मला वाटलं, बा हसुमती म्हणतायत म्हणजे ते सासुमती असणार."

"सासुमती असं नाव तू कधी ऐकलंयस?"

"हल्ली नवीन नवीन नावं येतात ना, मासी."

इतका वेळ बा सोफ्यावर बसून सरबत पीत होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "काय रे, मी तुला काय हांगितलं होतं?"

"हसुमती."

"मग?"

"बा, तुमच्या बोलण्यात ह जरा..."

"मेल्या, जिथं ह पाहिजे तिथं मी ह च बोलते. जिथं नको तिथं पण बोलते, तो माझा प्रश्न आहे. तुला कुणी हुधारायला हांगितलं?" मग कोटेचांकडे वळून म्हणाल्या, "आणि ते उर्फ उर्फ काय चाललंय?"

कोटेचांना वाटलं म्हातारी आपल्या बाजूची आहे. ते मधाळ आवाजात म्हणाले, "बा, तुमच्या वहूला समजवा. उर्फ म्हणजे हसुमती आणि सासुमती, दोघी एकच. असं लिहून दिलं की संपलं."

"दोघी एकच?"

"हो, बा. कायद्यानं."

"म्हणजे ही हाहू?"

"कागदावर, बा."

"आणि मी? मी मेले?"

कोटेचांनी तोंड उघडलं, पण बा आता उभ्या राहिल्या होत्या. "जेंतीचे बापुजी गेले तेव्हापासून ते घर मी ओढलंय. घरात हाहू एक असते. ती मी. ही बाई माझी वहू आहे, भांडखोर आहे, भाकरीत खडे घालते, पण वहू आहे. हिनं हही केली तर उद्या मी काय हिच्या पाया पडू? ए जेंती! घरी जा. माझी माळ आण आणि थेपले आण. नवीन पुस्तक हातात पडेपर्यंत मी इथून हलत नाही."

आणि त्या परत मांडी घालून बसल्या. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब गाडी बुक करत होतं. बांनी त्यांना हाक मारली, "अहो, नाव नीट लिहून घ्या हं! यांनी मला माझ्याच वहूत घातलं." त्या बाईनं लगेच नवऱ्याच्या हातातला चेक काढून घेतला आणि म्हणाली, "आपण जरा विचार करू." कोटेचांच्या चेहऱ्यावरचा पेढा उतरला.

त्या दुपारी चूक आपली आहे असं कोटेचांनी शोरूमच्या कागदावर लिहून दिलं, खर्च अंगावर घेतला, आणि मितुलला सगळ्या खेपा घालायला लावल्या. परफ्युम बांनी तरीही घेतलं.

नवीन आरसी बुक मितुलच घेऊन आला. हसुमतीबेन जयंतीलाल वेकरिया. मी दारातल्या ओटलीवर बसून ते किती वेळ पाहिलं, मला सांगता येणार नाही. ऊर भरून येतो म्हणतात ते काय, हे त्या दिवशी कळलं. जेंतीभाईंनी चहा करतो म्हणून सांगितलं, आणि केलाही.

बा येऊन शेजारी बसल्या. "तुझं नाव कुठं?"

मी दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवर बोट फिरवलं. "आणि माझं?"

"तुमचं यात कसं असेल, बा?"

"हं. घराच्या कागदावर असेल."

"तिथं बापुजींचं होतं. आता यांचं आहे."

"लाइट बिलावर?"

"ते अजून बापुजींच्याच नावानं येतं."

बांनी कमरेच्या चाव्या चाचपल्या. "दुकान?" त्यांनी विचारलं, पण माझ्याकडे न बघता. मी मान हलवली. "मेलेल्या माणहाला बिल येतं," त्या म्हणाल्या, "आणि मी या घरात पन्नाह वर्षं..." मला त्यांची दया आली. या बाईची मला दया यावी याचा मग रागही आला, कारण मला छळलं तिनं, कमी नाही छळलं.

"वहू, ते पहिलं पुस्तक, चुकीचं. ते कुठं गेलं?"

"ते परत द्यावं लागलं. एक झेरॉक्स आहे माझ्याकडे."

"मला दे."

"अहो बा, ती खोटी आहे. तिचा काही उपयोग नाही."

"अहू दे खोटी. हाहूच्या नावावर आहे ना? दे."

मी आत जाऊन झेरॉक्स आणली. बांनी ती घडी घालून पोलक्यात खोचली, पदर सारखा केला आणि उठून गाडीपाशी गेल्या. मी चावी घेऊन मागोमाग गेले आणि सवयीनं त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं.

"पुढं नाही," बा म्हणाल्या. "तू चालव. मालक मागं बहतो."

मी मागचं दार उघडून धरलं.