दोन हात वर रोवलेला खांब

मित्रांनो, नदीचं पाणी मोजणारा मी एक म्हातारा खांब आहे. माझ्या अंगावर शून्यापासून सहापर्यंत आकडे आहेत. त्यांतला एक आकडा मी एकदा खोटा सांगितला. त्याची टोचणी जात नाही, म्हणून आज बोलतो आहे.

मलावीच्या दक्षिणेला, सखल मुलखात, चिकोजे नावाचं गाव आहे. गावामागच्या टेकडीवर विद्यापीठाचं एक लहानसं केंद्र आहे. तिथल्या सुतारशाळेत मला निलगिरीच्या ओंडक्यातून तासलं आणि हाता-हाताच्या अंतरावर लाल रेघा ओढल्या. रंगवणारी मुलं सारखी खिदळत होती. त्यांना शिकवणाऱ्या लिकोंग्वे मॅडम म्हणाल्या, "हसा खुशाल, पण रेघ हलता कामा नये. तिच्या भरवशावर माणसं झोपणार आहेत." हे ऐकून मला भारी ऐट आली होती.

मॅडम मला नदीकाठी रोवून निघून गेल्या नाहीत. विद्यार्थ्यांना घेऊन त्या तीन आठवडे गावात राहिल्या, गावची मक्याच्या पिठाची न्सिमा आणि सुकी मासळी खाल्ली, जुने पूर कुठवर आले होते ते म्हाताऱ्यांना विचारून घेतलं. मग सगळ्यांनी बसून ठरवलं. पाणी तीन हातांवर आलं की बकऱ्या हलवायच्या. चार हातांवर आलं की गाव रिकामं करून शाळेच्या उंचवट्यावर जायचं.

आकडा वाचायचं काम गावातल्या एस्टेरेनं मागून घेतलं. नदीकाठी तिचा टोमॅटोचा मळा होता, आणि तिची आई पुरात गेली होती. "मला डोळ्यांनीच कळतं पाणी किती चढलं ते," ती म्हणाली. मॅडमनी मान हलवली. "डोळे घाबरतात, मावशी. आकडा घाबरत नाही. आकड्यावर विश्वास ठेव."

ती सकाळ-संध्याकाळ मला वाचायची आणि केंद्राला फोन लावायची. केंद्राच्या रेडिओवरून तो आकडा खालच्या सात गावांना कळायचा. दोन मोठे पूर आले आणि माणूस एकही गेलं नाही. पाहुणे येऊन माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. खरं सांगतो, मी तेव्हा जरा फुगलोच होतो.

मग प्रकल्प संपला. मॅडमची बदली झाली. दर उन्हाळ्यात माझी उंची तपासायला येणारी मुलं येईनाशी झाली आणि रेडिओवरचा आकडाही बंद पडला. एस्टेरे मात्र वाचत राहिली. आकडा चारवर गेला तर शाळेची घंटा तीच बडवणार होती.

एका उन्हाळ्यात काठ ढासळला आणि मी आडवा झालो. तांबाला नावाचे गावचे मुखिया धावत आले. त्यांनी स्वतः मला धुतलं, लाल रंग आणून रेघा उजळल्या आणि पुन्हा काठ ढासळू नये म्हणून वरच्या घट्ट जमिनीत रोवलं. थोब्वा हे मक्याचं गोड पेय वाटून गावानं आनंदही केला. मित्रांनो, माझ्यावर इतकी माया कुणी केली नव्हती. पण मी दोन हात वर गेलो होतो.

एस्टेरेला ते खटकलं. "मुखियाबाबा, आधी हा खाली होता ना?"

"अगं, खांब तोच, आकडे तेच. खाली ठेवला तर पुन्हा पडेल की."

"तरी एकदा केंद्रात विचारते."

तिनं तीनदा फोन केला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, परीक्षा चालू आहेत. तिसऱ्यांदा म्हणालं, "सोमवारी करा, बाई." सोमवारी फोन लागलाच नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

पावसाळ्यात एका संध्याकाळी पाणी माझ्या दोनच्या रेघेवर टेकलं. खरं तर ते चार होतं. एस्टेरेनं वाकून आकडा वाचला. पाणी काठावरच्या चिंचेच्या मुळांपर्यंत आलेलं तिला दिसत होतं. तिनं पुन्हा वाकून माझी रेघ पाहिली.

"किती गं?" मुखियांनी वरून विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "दोनच आहे."

"मग निजा रे सगळे निवांत!"

पहाटे पाणी घरांत शिरलं. चिकोजेची अकरा माणसं गेली. त्यांत एस्टेरेची सहा वर्षांची नात यांखो होती.

पाणी ओसरल्यावर केंद्रातून एक नवे सर आले. त्यांनी मोजायची फीत लावली. दोन मिनिटंही लागली नाहीत. "हा दोन हात वर आहे. कुणी हलवला?"

"आम्हीच," मुखिया म्हणाले. "जपला होता त्याला."

"अहो, पण विचारायचं तरी!"

एस्टेरे सरांकडे बघत राहिली. "विचारलं होतं," ती म्हणाली. "तुमचा सोमवार अजून उजाडायचाय."

पुढं माझ्याऐवजी लोखंडी खांब आला. एस्टेरेनं तो वाचायचं कबूल केलं, पण एका अटीवर. दर वर्षी पावसाआधी केंद्रातल्या कुणीतरी यायचं आणि तिच्यासमोर फीत लावायची. दोन वर्षं ते आले.

मी आता तिच्या अंगणात पडून असतो. मित्रांनो, मला रंग नको, फोटो नको, माया तर नकोच. तुमच्यापैकी कुणी त्या टेकडीवर शिकत असेल, तर एवढंच ऐका. या वर्षी अजून कुणी आलेलं नाही. एस्टेरे रोज टेकडीच्या वाटेकडे बघते, आणि नदी गढूळ व्हायला लागली आहे.