ओट्याच्या बदल्यात सहा मजले

माझ्या धाकट्या जावेला घर बांधायचं होतं की माझी मान मोडायची होती, तेच कळत नव्हतं. गेल्या वर्षी दारात यायची तीही नकाशा बगलेत धरूनच.

आमची घरं पाठीला पाठ लावून. माझं गल्लीत, तिचं रस्त्यावर. माझे तीन मजले, तिचा तेव्हा एकच. इतकी वर्षं मी माझ्या गच्चीतून खाली बघायची. तिनं काय वाळत घातलंय, कुठं विरलंय, सगळं मला पाठ. मग नगरपालिकेचा नवा नियम आला. रुंद रस्त्यावर सहा मजले, गल्लीत तीनच. वाटणीच्या वेळी गल्लीची शांतता मीच हट्टानं मागून घेतली होती. बसा आता शांत.

मोजणीवाला आला तेव्हा आम्ही दोघी तिच्या ओट्यावर होतो. दुपारी तिथंच बसून कारखान्याच्या शर्टांना बटणं लावतो. माझ्या दारात दोघी बसल्या तर गुडघ्याला गुडघा लागतो. टेप ताणून तो म्हणाला, "बाई, ओटा रस्त्यात आलाय. रस्ता हातभर कमी भरतोय. सहा मजले मिळायचे नाहीत."

मला हसू आलं, ते दोरा दातानं तोडता तोडता गिळलं.

"आणि ओटा काढला तर?" धाकटीनं विचारलं.

"मग मिळतील."

दुसऱ्याच दिवशी तिनं गवंडी बोलावला. मला एका शब्दानं विचारलं नाही. घण पडायला लागला तसा माझ्या सुईत दोरा जाईना, आणि डोळे काही माझे अजून गेलेले नाहीत.

वर्षभरात सहावा मजला चढला. माझ्या गच्चीवरचं ऊन गेलं. वरून वाकून ती सांगते, "ताई, तुमची चादर विरलीय बरं का."

काल दुपारी मात्र शर्टांचा गठ्ठा घेऊन माझ्या उंबऱ्याशी उभी.

"वर वारा फार आहे, ताई. कापड हातात ठरत नाही. आणि बोलायला कोणी नाही."

मी तिला जरा वेळ उभंच ठेवलं. मग म्हणाले, "धाकटे, सहा मजले चढवलेस आणि बूड टेकायला माझ्याच गल्लीत आलीस. बस, गुडघे आवळून बस. पण माझ्या चादरीला पुन्हा नाव ठेवलंस, तर गठ्ठ्यासकट वर पाठवीन."