टाकीतलं कण्हणं

टाकी भरत आली की न्हाणीघराच्या भिंतीतून कण्हण्याचा आवाज सुरू होई. आधी बारीक, मग घशातून ओढून काढल्यासारखा, आणि शेवटी धाड धाड धाड. चुलीपुढे बसलेल्या कृष्णवेणीबाईंचा हात तिथेच थांबे. त्यांचे यजमान गंगाधरराव शेवटच्या आजारात अगदी असेच कण्हत होते.

म्हैसूरच्या त्या रंगाऱ्यांच्या गल्लीत घरात नळ आणि न्हाणीघरावर लोखंडी टाकी घेणारं त्यांचं घर पहिलं. दोन वर्षं टाकी मुकाट्यानं भरत होती. वैशाखात मुलाचं, नागेंद्राचं, लग्न झालं, हिनकल गावची वनजा सून होऊन आली आणि चौथ्याच दिवशी टाकी कण्हू लागली. कृष्णवेणीबाईंनी मनाशी खूणगाठ बांधली ती तिथेच.

श्रावणात वनजानं शेजारच्या सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलावलं. विधवा म्हणून कृष्णवेणीबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. बाया बसल्या, वनजानं करंडा हातात घेतला, आणि भिंत कण्हायला लागली. सगळ्या दचकल्या. कृष्णवेणीबाईंचा तोंडावर ताबा राहिला नाही.

"हिचा पायगुण, दुसरं काय! गेलेल्या माणसालासुद्धा हिनं घरात स्वस्थ पडू दिलं नाही."

वनजानं करंडा हळूच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी कृष्णवेणीबाईंनी तिचं गाठोडं बांधून दिलं. "हा आवाज थांबेपर्यंत माहेरी राहा," त्या म्हणाल्या. नागेंद्र आईपुढे कधी बोललेला नव्हता. तो बायकोला पोचवून आला आणि त्या दिवसापासून घरात बोलायचाच थांबला.

पंधरा दिवसांनी तो आईला न विचारता मादप्पा नावाच्या नळवाल्याला घेऊन आला. मादप्पानं शिडी लावली, टाकीचं झाकण काढलं आणि वरूनच हाक मारली, "अम्मा, स्वल्प, जरा वर येऊन बघा की!"

कृष्णवेणीबाई चार पायऱ्या चढल्या. पाण्यावर तांब्याचा पोकळ गोळा तरंगत होता. त्याच्या दांडीला नळाचं तोंड उघडझाप करणारी चकती जोडलेली.

"टाकी भरली की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो," मादप्पा म्हणाला. "पण चामड्याची चकती झिजली. पाणी पडतं, लाटा होतात, गोळा नाचतो. नळ उघड, बंद, उघड, बंद. तेच हे कण्हणं. नळ घट्ट धरलेला असता तर ते ऐकूही आलं नसतं. पण नळ भिंतीला घट्ट धरणाऱ्या पट्ट्या कुठं गेल्या? दोन्ही उपटल्यात. नळ सुटा आहे, म्हणून भिंतीवर आपटतो. कुणी काढल्या, अम्मा?"

"मला काय माहीत?" कृष्णवेणीबाई चटकन म्हणाल्या.

आणि म्हणता म्हणताच त्यांना आठवलं. लग्नाची ओली लुगडी ढीगभर पडली होती. दोरी बांधायला नळामागे जागा होत नव्हती, म्हणून त्यांनीच बत्त्यानं ठोकून त्या पट्ट्या उचकटल्या होत्या. लग्नानंतर चौथ्या दिवशी.

शिडीखाली नागेंद्र उभा होता. त्याच्याकडे न बघताच त्या उतरल्या. मादप्पानं नवी चकती बसवली, गोळा नाचू नये म्हणून दांडीला पाण्यात बुडणारा पत्र्याचा तुकडा डाक लावून जोडला, नव्या पट्ट्या ठोकल्या. टाकी भरली, आवाज झाला नाही. ती शांतता कृष्णवेणीबाईंना सोसवेना.

"पट्ट्या मी काढल्या होत्या," त्या मुलाला म्हणाल्या. नागेंद्रानं शिडी उचलून मादप्पाच्या खांद्यावर दिली. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच जटक्याच्या घोडागाडीत बसून हिनकलला गेल्या. व्याह्यांनी पाट मांडला, कॉफी दिली. "ग्रह बदलले, आता सुनेला न्यायला हरकत नाही," असं सांगायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. पण वनजा समोर येऊन उभी राहिली आणि ते शब्द तोंडाशीच अडले.

"ग्रह नाही, काही नाही," त्या म्हणाल्या. "माझीच चूक होती, पोरी." आणि पट्ट्यांचं सगळं सांगितलं. मादप्पाशी खोटं बोलल्या तेही.

वनजानं ऐकून घेतलं. "मी येईन, आत्याबाई. पण मला बोललात ते चारचौघींत. हे मला एकटीला सांगून कसं चालेल?"

गौरीच्या दिवशी त्याच बाया आल्या. कृष्णवेणीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. बत्त्यापर्यंत आल्यावर त्या अडखळल्या. एक बाई पदराआड हसली. शेजारच्या भानुमतीबाईंनी मान खाली घातली. वनजा मदतीला धावली नाही, थांबून राहिली. कृष्णवेणीबाईंनी पुढचं सगळं सांगितलं. "हिचा पायगुण वाईट नव्हता. माझी जीभ वाईट होती."

मग वनजानं करंडा उचलला आणि पहिल्या बाईला कुंकू लावलं.

बाया गेल्यावर तिनं सासूचं पान वाढलं. "बसा," एवढंच म्हणाली. कृष्णवेणीबाई बसल्या. वाढलेलं सगळं त्यांनी खाल्लं, पानात काही टाकलं नाही.