आतली कडी

“काका, मग कपडे बदलायचे कसे?”

टॉवेल गुंडाळलेला एक पोरगा मला विचारत होता. मी वसतिगृहातल्या त्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढत होतो आणि तो माझ्या डोक्यावर उभा होता.

“भिंतीकडे तोंड करून,” मी म्हटलं.

पलंगावर लोळणारा त्याचा सोबती खिदळला. खोलीत सेंट एवढा मारलेला की डोळे चुरचुरत होते, आणि त्या सेंटच्या खाली सिगारेटचा वास जिथल्या तिथे. या पोरांना वाटतं, झाकलं की गेलं. इतकी वर्षं मी या वसतिगृहाची सुतारकी करतोय. कपाटाचा तळ उचलला की थोटकं निघतात, टेबलाच्या खणामागे पुड्या निघतात, फ्लशच्या टाकीत बियरच्या बाटल्या गार होत पडलेल्या असतात. मी जे दुरुस्त करायचं ते करतो आणि झाकण परत लावतो. मला दुरुस्तीला बोलावतात, उपदेश करायला त्यांचे प्राध्यापक आहेत.

“सगळ्या काढायच्या,” रेक्टर बाहेरून म्हणाले. “एकही राहता कामा नये.”

“साहेब, कडी नसली म्हणून काय हे ओढायचे थांबणारेत?”

“निदान वेळेवर आत तरी जाता येईल.”

मी पुढच्या स्क्रूला पेचकस लावला. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एका मुलानं दारूवर कसल्याशा गोळ्या घेतल्या आणि आतून कडी लावली. मित्रांनी हाका मारल्या, दार ठोठावलं, लाथा घातल्या, आणि मग कुणीतरी मला बोलवायला धावलं. ती कडी मीच बसवलेली. चांगले लांब स्क्रू, चौकटीत खोलवर गेलेले. कटावणी घालून मी ते उचकटत होतो आणि ते काही सुटत नव्हते. शेवटी दार पडलं तेव्हा मुलगा भिंतीला टेकून बसला होता, मान एका बाजूला. डॉक्टर नंतर म्हणाले, जरा आधी आणला असता तर. ते ‘जरा’ माझ्या कडीनं खाल्लं.

सुताराचं काम पक्कं आहे असं कुणी म्हटलं की मला पूर्वी बरं वाटायचं. आता मी विषय बदलतो.

जेवायच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. ती फोनवर कधी सरळ मुद्द्यावर येत नाही. आधी गॅस संपत आल्याचं सांगितलं, मग शेजारणीचं काहीतरी, आणि मग पुन्हा गॅसवर आली.

“मुद्द्याचं बोल,” मी म्हटलं.

“भुंग्याचा फोन आला होता. रविवारी येतो म्हणाला. राहायला.”

मी डबा बाजूला सरकवला.

“पण एक अट घातलीय,” ती म्हणाली. “खोलीला कडी हवी म्हणतो.”

भुंगा म्हणजे आमचा मुलगा. एकुलता एक. लहानपणी माझ्या कारखान्यात बसून दिवसभर लाकडाच्या तुकड्यांना भोकं पाडायचा, म्हणून मी ठेवलेलं नाव. कारखाना म्हणजे काय, घरामागची पत्र्याची शेड. तिथे त्याचं एक बुटकं स्टूल होतं. अजून आहे. त्याच्यावर मी काही ठेवत नाही, गिऱ्हाईक बसायला लागलं तर त्याला दुसरं देतो.

पोरगा हुशार निघाला. मी म्हटलं, रंधा मारण्यापेक्षा चार बुकं शिक. कॉलेजात गेला, तिकडेच खोली घेऊन राहिला. पहिल्या वर्षी त्याच्या शर्टाला वास आला तेव्हा म्हणाला, “बाबा, सगळेच ओढतात.” दुसऱ्या वर्षी सगळेच प्यायला लागले. त्यानंतर सगळे काय करत होते ते मला कळलं नाही, कारण तो घरी यायचाच बंद झाला. आणि एक दिवस त्याच्या मित्राचा फोन आला, की काका, याला घेऊन जा.

उपचार केंद्रात राहून तो परत आला, त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या खोलीची कडी काढली. तिथल्या माणसानंच सांगितलं होतं. भुंगा घरात शिरला, दाराकडे बघितलं, कडीच्या चार भोकांवरून बोट फिरवलं आणि बॅग आत नेली. मग सुरू झाला आमचा पहारा. त्याची आई टॉवेल द्यायला जायची, पाणी द्यायला जायची, नुसतीच जायची. मी त्याचे शर्ट हुंगायचो. काही दिवस त्यानं सोसलं. मग एका सकाळी बॅग भरून म्हणाला, “इथे मी राहत नाहीये बाबा. तुम्ही मला ठेवलंय.”

तो मामाकडे गेला. मामाचा छापखाना आहे, तिथे कामाला लागला. मामा सांगतो, शुद्धीत असतो, वेळेवर येतो, दोन वेळा जेवतो. आनंद आहे. पण आपल्या पोराची खुशाली मेव्हण्याच्या तोंडून ऐकायची म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचण्यासारखं. मला तो समोर हवा होता. चिडका, उद्धट, कसाही. शेडमध्ये मशीन बंद केलं की मागून खुडबुड ऐकू यावी एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळी घरी आलो. बायको भाजी निवडत होती.

“लावून टाका की मग,” ती म्हणाली. “कडीच मागितलीय, बंगला नाही मागितला.”

“आत काही केलं त्यानं, तर?”

तिनं हातातली काडी मोडली. वसतिगृहातल्या मुलाचं तिला मीच सांगितलं होतं.

“आणि आलाच नाही, तर?” ती म्हणाली.

रविवारी सकाळी नवी कडी घेऊन बसलो. पितळी, जाड, गुळगुळीत सरकणारी. स्वस्तातली आणली असती तर त्याला लगेच कळलं असतं. दारावरचा भाग बसवला. मग चौकटीवरची पट्टी, जिच्यात कडीचं टोक शिरतं. लांब स्क्रू काढले, पहिला भोकाला लावला, आणि माझा हात पुढे जाईना. अर्ध्या आयुष्यात मी किती कड्या बसवल्या असतील. असं कधी झालं नव्हतं.

लांब स्क्रू डब्यात टाकले. दुसऱ्या डब्यातून आखूड काढले, लहान पेटीच्या बिजागऱ्यांना लावतात ते. लाकडात जेमतेम नखभर जातात. बसवले, आतून कडी सरकवली, दाराआडून बायकोला म्हटलं, “बाहेरून ढकल.”

“मी?”

“तूच. मी घरात नसलो तर कोण ढकलणारेय?”

तिनं पदर खोचला आणि दाराला खांदा लावला. पट्टी कटकन निघून जमिनीवर पडली आणि बायको धडपडत खोलीच्या मध्यापर्यंत आली.

“एवढ्यानं?” ती म्हणाली.

“एवढ्यानं.”

ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मी मोकळ्या झालेल्या भोकांत आगपेटीच्या काड्या ठोकल्या आणि तेच स्क्रू पुन्हा पिळले. “त्याला सांगायचं नाही,” मी बजावलं. हे कुणाला बजावतोय, मलाच कळेना. तिच्या पोटात आजवर एक गोष्ट राहिलेली नाही.

दुपारी तो आला. वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. बोटांना छापखान्याची शाई होती. आईनं त्याला धरून ठेवलं तेव्हा अवघडून उभा राहिला, मग हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला. मला म्हणाला, “शेडचा पत्रा बदललात वाटतं.” मी म्हटलं, “गळत होता.” झालं आमचं बोलणं.

जेवल्यावर बॅग उचलून तो खोलीपाशी गेला. मी मागे. बायको स्वयंपाकघराच्या दारात. त्यानं कडी पुढे-मागे सरकवली.

“भारी आहे.”

“पितळी आहे.”

मग त्याचं बोट चौकटीवरच्या पट्टीवर गेलं. एका स्क्रूच्या डोक्यावर थांबलं, दुसऱ्यावर गेलं. स्टुलावर बसवून याला स्क्रू ओळखायला शिकवले होते ते मीच.

“हे पेटीच्या बिजागरीचे ना?”

“हो.”

“लांब संपले होते?”

खोटं जिभेवर आलं होतं. त्याच्या डोळ्यांकडे बघून परत गेलं.

“नव्हते संपले,” मी म्हटलं.

बॅग त्याच्या खांद्यावरच होती, आणि मला वाटलं, आता वळणार आणि घराबाहेर पडणार. आणि गेला असता तर मी लांब स्क्रू घेऊन त्याच्यामागे पळालो असतो, एवढा मी त्या घटकेला लाचार होतो.

त्यानं अंगठ्यानं पट्टी जरा दाबून बघितली.

“आईच्यानं उघडेल?”

“उघडेल.”

“बरं,” तो म्हणाला.

तो आत गेला. दार लागलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला, अगदी सावकाश, शेवटपर्यंत.

बायको माझ्याकडे बघत होती. मी तिला खुणेनंच सांगितलं, जा, तुझं काम कर. टॉवेल तिच्या हातात होता, तो तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि स्वयंपाकघरात गेली. मी शेडमध्ये जाऊन त्याच्या स्टुलावरची धूळ पुसली.