शनिवारचं पीठ

"बाबा, जल्दी करो ना! मम्मी को साँस नहीं आ रही!" हिंदी मुलखात वाढलेली त्यांची लेक स्वरदा फाटकातून ओरडत होती. दिवाकरराव अंगणात बसून बायकोच्या पायांवरच्या तांबड्या मुंग्या झटकत होते.

"इंदू, ऐकून राहिली का? डोळे उघड न!"

इंदूचे ओठ सुजले होते, छातीतून शीळ वाजत होती. ऑटोवाल्या भैय्यालालनं हात दिला, तिला आत घातलं, आणि पुरानी बस्तीच्या गल्लीतून ऑटो सुटला. दिवाकररावांच्या हातांवरही डंख होते, पण त्यांना शुद्ध कुठं होती? पाप त्यांचंच होतं. हो, पापच!

रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांचं हृदय बिघडलं, तेव्हापासून इंदूनं नेम धरला. दर शनिवारी गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाखाली मुंग्यांना साखर-पीठ घालायचं, नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून. गरीब काळ्या मुंग्या ते निमूट वाहून न्यायच्या. यंदा मात्र या तांबड्या उपटल्या, कुठल्या परमुलखातल्या, म्हणे नर्सरीच्या कुंड्यांतून आलेल्या. नुसत्या चावत नाहीत मेल्या, डंख मारतात. पहिल्याच डंखाला इंदूच्या अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. डॉक्टरनं बजावलं, पुन्हा डंख झाला तर जिवावर बेतेल.

"नेम मोडाचा नाही जी," इंदू म्हणाली होती. "तुमच्या जिवाचा सवाल हाय."

"मी घालीन न. तू काहून चिंता करतं?"

आणि घातलं की! पण थोड्याच दिवसांत गुडघे कुरकुरायला लागले. कोण जातं तिथवर, मुंग्या काय इथं नाहीत? असं म्हणून ते अंगणातच, भिंतीच्या कडेला पीठ टाकू लागले. मुंग्यांना आयतंच झालं. त्यांनी धुण्याच्या दगडाखाली घर केलं, आणि आज इंदू तिथंच अनवाणी कपडे धुवायला उभी राहिली.

दवाखान्यात सुया झाल्या, ऑक्सिजन लागला. पण उशीर झाला होता. नर्स रीनादीदी हळूच म्हणाली, "बात कर लीजिए, अंकल."

इंदूनं मास्क सरकवला. "आज शनिवार न जी? पीठ घातलं?"

"घातलं."

"कडुनिंबाखाली?"

दिवाकररावांना वाटलं, इथंच जीव जावा.

"हव," त्यांनी मान डोलावली.

"मंग तुमाले काही होत नाही," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

दुपारी तिला घरी आणलं. अंगणात ठेवायला निघालेल्या लोकांवर दिवाकरराव ओरडले, "तिथं नोका ठेवू!" मग तिला ओसरीवर निजवलं. ते उठले आणि पिठाचा डबा घेऊन निघाले.

"भाऊजी, सुतकात कुठं चालले?" शेजारच्या क्षमावहिनींनी अडवलं.

"शनिवार हाय," ते म्हणाले.

भिंतींना धरत धरत ते गल्लीच्या टोकाला पोचले. वाकून कडुनिंबाखाली पीठ घातलं. एकही मुंगी आली नाही. डबा छातीशी धरून ते वाट बघत उभे राहिले.