हवेची आंघोळ

एक करून बघा. आपलं नाक चिमटीत घट्ट धरा आणि ‘मामा’ म्हणा. काय ऐकू आलं? ‘बाबा’! हसा, पण चिमूट सोडू नका. तसंच नाक धरून पाणी प्या. तसंच धरून धड्याचं एक पान मोठ्याने वाचा. आता अशी कल्पना करा, की ही चिमूट तुमच्या हातात नाहीच. ती कोणी घातली ते दिसत नाही, आणि सोड म्हटलं तरी ती सुटत नाही. भुवयांच्या वर आतून कोणीतरी हळूहळू ठोकतंय. गालांची हाडं दगड भरल्यासारखी जड झालीत. आणि अशा डोक्याने तुम्हाला सकाळी उठून कामावर जायचंय.

एका मुलीच्या मावशीचं हे असं होतं, आणि बरीच वर्षं होतं. डॉक्टर त्याला सायनस म्हणायचे. मावशी त्याला ‘आमचा भाडेकरू’ म्हणायची. “कपाळात येऊन राहिलाय. भाडं देत नाही, खोली सोडत नाही.”

मावशी लाकडी खुर्च्यांच्या कारखान्यात होती. कापणारे लाकूड कापायचे, जोडणारे जोडायचे, आणि खुर्ची मावशीच्या टेबलावर यायची ती घासायला. आधी घासायच्या यंत्रावर, मग हाताने, जाड काचपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी ती डोळे मिटून खुर्चीच्या पाठीवरून तळहात फिरवायची. कुठे केसाएवढं कुसळ राहिलं तरी तिला कळायचं. तिच्या हातची खुर्ची लोक विकत घेण्याआधी कुरवाळायचे.

पण घासणं म्हणजे भुसा. आणि हा भुसा करवतीखाली पडतो तसला जाड नव्हे. हा पिठासारखा. भुवयांवर बसतो, डब्यात शिरतो, आणि नाकात तर न विचारता.

मुलगी शाळा सुटली की तिथेच यायची, कारण तिची आई संध्याकाळपर्यंत कामावर असायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ती अभ्यास करायची आणि अभ्यासापेक्षा प्रश्न जास्त विचारायची. म्हणून कारखान्यात तिचं नाव पडलं होतं चौकशी.

एके दुपारी मावशी यंत्रावर एका खुर्चीची पाठ घासत होती. यंत्राचा पट्टा तापला. लाकूड जळायला लागलं की आधी वास येतो, धूर नंतर. वास सगळ्या कारखान्याला आला. दारातल्या टेम्पोवाल्यालासुद्धा आला. फक्त मावशीला नाही आला. लोक ओरडले तेव्हा तिने यंत्र उचललं, तर पाठीवर काळा ओरखडा उमटला होता.

मोठे मिस्त्री आले. कारखाना त्यांनीच उभा केलेला, आणि मावशीला काचपेपर धरायलाही त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी ओरखडा पाहिला आणि मावशीचे पाणावलेले डोळेही पाहिले.

“वास आला नाही तुला?”

“दाही.” मावशीला ‘नाही’ म्हणायचं होतं.

पॉलिशवाला खी खी करून हसला. मिस्त्री हसले नाहीत.

“बास झालं, पोरी. सोमवारपासून तू पुढे दुकानात बस. तिथे पंखा आहे, धूळ नाही. गिऱ्हाइकांशी बोल, खुर्च्या दाखव.”

“मला खुर्च्या दाखवायच्या नाहीत, मिस्त्री. मला करायच्यात.”

“आणि नाकाचं काय?”

“नाकही माझं, कामही माझं. एक ठेव आणि एक टाक, असं का म्हणून?”

“लाकूड घासलं की भुसा उडणारच. तुझ्यासाठी काय तो जमिनीवर चालत जाईल?”

“शनिवारपर्यंत वेळ द्या. तोवर मी बघते त्याला कसं चालवायचं.”

मिस्त्रींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मावशीने ती हो म्हणूनच धरली.

त्याच संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. चौकशी बरोबर होतीच. बाईंनी नाकात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “आतला रस्ता सुजलाय. आधी उकळून मग कोमट केलेलं पाणी घ्यायचं, त्यात मीठ घालायचं, बेसिनवर वाकायचं, आणि ते एका नाकपुडीत सोडून दुसरीतून काढायचं. नळाचं पाणी तसंच घ्यायचं नाही. हा फवारा रोज मारायचा. कामावर रुमाल बांधून भागणार नाही, चेहऱ्याला घट्ट बसेल असा मास्क हवा. आणि धूळ कमी करा. औषध आत आणि धूळही आत, असं चाललं तर मी काय करणार?”

“काम सोडा असं नाही म्हणालात?” मावशीने विचारलं.

“म्हटलं असतं तर सोडलं असतंत?”

“नसतं.”

“म्हणून नाही म्हणाले.”

दुसऱ्या दिवशी मावशी मास्क लावून कामावर आली आणि पॉलिशवाल्याला खाऊ मिळाला. “अरे, पळा! दरोडा पडला! ताई, काय न्यायचं ते न्या, डबा तेवढा ठेवा.”

“तुझी जीभ नेते,” मावशी मास्कमधून म्हणाली. “तेवढीच शांतता.”

तिने कोरड्या झाडूला हात लावायचं बंद केलं आणि ओल्या फडक्याने टेबल पुसायला लागली. एक जुनं धूळ ओढायचं यंत्र दुरुस्त करून घेतलं आणि त्याची नळी घासायच्या यंत्राला तारेने बांधली. दिसायला ते प्रकरण असं होतं, की हत्तीला सर्दी झालीय. पण भुसा नळीतून जायला लागला. लाकूड तापतंय का हे पाहायला ती मध्येच थांबून हाताची पालथी बाजू लाकडाला लावायची. नाकाचं काम तिने हाताला दिलं. सकाळी नाक धुवायची, रात्री धुवायची. मानी बाई ती, पण बेसिनवर मुकाट वाकायची.

तरीही दर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत भाडेकरू कपाळात हजर!

“एवढं सगळं करतेय,” एकदा जिन्यात बसकण मारून ती म्हणाली. नाकातून बोलत होती, आणि रागाने बोलत होती. “दिवसभर बरं असतं गं. संध्याकाळी कुठून येतं हे?”

चौकशीला प्रश्न मिळाला, मग ती कशाला सोडते? दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली, पण नजर वर ठेवली. कारखान्याच्या भिंतीत उंचावर एक खिडकी होती. दिवस उतरायला लागला की तिच्यातून उन्हाची एक तिरपी पट्टी आत यायची. उन्हाच्या पट्टीत धूळ दिसते, हे तुम्हीही पाहिलं असेल. मावशीचं यंत्र चालू होतं तेव्हा पट्टीत थोडे कण नुसते फिरत होते. यंत्र बंद झालं, तेही खाली बसले. मावशीने मास्क काढला, खुंटीला अडकवला.

आणि मग आंघोळ सुरू झाली.

हे तुम्हाला सांगायला हवं. काम सुटताना त्या कारखान्यात सगळे ओळीने उभे राहायचे. मोठे मिस्त्री हवेच्या टाकीचा पाइप हातात घ्यायचे, खटका दाबायचे, आणि फुस्सऽऽ करून एकेकाचे केस, मान, खांदे, पाठ साफ करून द्यायचे. आपल्या हाताने. “वळ. हात वर. हं, आता कसा माणसासारखा दिसतोस! जा घरी.” बापाने मातीत खेळून आलेलं पोर झटकावं तसं. याला सगळे हवेची आंघोळ म्हणायचे. कोणाचं कोणाशी दिवसभर वाजलेलं असलं तरी ते तिथे संपायचं. चौकशीला तर ती फार आवडायची. केस उभे राहायचे, फ्रॉक फुगायचा, आणि मिस्त्री मुद्दाम कानाशी फुस्स करायचे.

त्या दिवशी मात्र ती ओळीत गेली नाही. ती पट्टीकडे बघत राहिली. पहिल्या माणसावर हवा मारली आणि पट्टी धुरकट झाली. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत ती भरून आली. मावशीचा नंबर आला तोवर तो उजेड राहिलाच नव्हता. वरून खाली एक खांबच उभा होता, भुशाचा. आणि त्या खांबाच्या मधोमध मावशी, हात वर करून, तोंड उघडं टाकून उभी.

“मावशी,” घरी जाताना ती म्हणाली, “तू दिवसभर धूळ खात नाहीस. तू शेवटी एकदम खातेस. आणि मास्क तेव्हा खुंटीला असतो.”

मावशी रस्त्यातच थांबली. मागून सायकलवाला घंटी वाजवून वैतागला, तरी ती हलली नाही.

“खरंच की गं,” ती म्हणाली. आणि पुढचंही तिला समजलं. मिस्त्रींच्या हातची आंघोळ आजवर कोणी नाकारली नव्हती. त्यांनी पाठीवर हात ठेवावा आणि आपण तो झटकावा, तसं ते झालं असतं.

शनिवार उजाडला. काम सुटलं. ओळ लागली. मावशीने मास्क काढला नाही. ती बादलीकडे गेली, फडकं पिळलं आणि आपली मान पुसायला लागली.

“ये गं,” मिस्त्रींनी हाक मारली. “तुझा नंबर.”

“मला नको, मिस्त्री. मी पुसून घेते.”

मिस्त्रींचं बोट खटक्यावरून निघालं. हवेची टाकी तेवढी गुरगुरत होती.

“माझ्या हातची हवा नको तुला?”

“तुमचा हात डोक्यावर हवा. भुसा नाकात नको. दिवसभर जो भुसा खाली बसवते, तो तुम्ही संध्याकाळी उठवून सगळ्यांना वाटता.”

“इतकी वर्षं वाटतोय. मेलं का कोणी?”

“मेलं नाही. पण शिंकतंय कोण, खोकतंय कोण, ते ऐकता ना रोज? आपण म्हणतो, हवा बदलली. आपल्याकडची हवा बरी रोज संध्याकाळीच बदलते!”

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. “नाकावर माशी बसू देत नाहीस तू.”

“माशी चालेल, मिस्त्री. भुसा नाही.”

कोणीतरी हसणार होतं, पण हसलं नाही. मिस्त्रींनी पाइप आपटला नाही, आवाजही चढवला नाही. त्यामुळे ते जास्तच जड वाटलं. “सोमवारी दुकानात बस. ठरलं होतं.”

“सोमवारी मी माझ्या टेबलावर असेन. उचलून न्यायचं असेल तर माणसं जास्त आणा. मी जड आहे.”

मिस्त्री बाकीच्यांकडे वळले. “अजून कोणाला नकोय?”

सगळे आपापल्या चपला पाहायला लागले. मिस्त्रींची नजर फिरत फिरत स्टुलावर आली आणि मऊ झाली. “चौकशी, तू ये. तुला तर आवडते ना?”

“खूप आवडते, मिस्त्रीआजोबा,” चौकशी म्हणाली. ते खरंच होतं. “पण मी मावशीबरोबर.”

ती जाऊन मावशीच्या शेजारी उभी राहिली. मावशीने तिचा हात धरला नाही. फक्त फडक्याचं एक टोक तिच्या हातात दिलं.

तेव्हा, ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती, तो पॉलिशवाला खाकरला. “आता विषय निघालाच आहे तर बोलतो. मी दुपारी खुर्चीला पॉलिश देतो. आरशासारखं. संध्याकाळी तुम्ही आंघोळ घालता. सकाळी बघावं तर आरशाला दाढी आलेली. मग मी ती घासतो आणि पुन्हा पॉलिश देतो. रोज.”

“रोज?” मिस्त्री म्हणाले.

“रोज.”

“आणि बोलला नाहीस?”

“तुम्ही इतक्या प्रेमाने हवा मारता. सांगणार कोण? मला वाटलं, दरोडेखोरीणच सांगेल कधीतरी.”

मिस्त्री सुकत ठेवलेल्या खुर्च्यांपाशी गेले. एकीच्या हातावरून त्यांनी बोट फिरवलं, उन्हाच्या पट्टीत धरून पाहिलं, आणि बोटावरचा बारीक भुसा अंगठ्याने चोळत राहिले. मग टाकीपाशी जाऊन त्यांनी तिचं यंत्र बंद केलं. इतकी वर्षं संध्याकाळी जे गुरगुरायचं ते एक लांब सुस्कारा टाकून गप्प झालं.

“दुकानात मग कोण बसणार?” त्यांनी कोणाकडेही न बघता विचारलं.

“कोणीही बसो,” मावशी म्हणाली. “मी नाही.”

“हं,” मिस्त्री म्हणाले. “त्या हत्तीच्या सोंडेसारख्या अजून दोन नळ्या लागतील. करवतीला एक, जोडकामाला एक. तार नको. नीट बसवून घे.”

मावशीने मास्क वर करून नाक पुसलं. नाक अजून चोंदलेलंच होतं. एका आठवड्यात कुठला भाडेकरू खोली सोडतो! पण ती ताठ उभी होती.

माणसं जायला निघेनात. रोज मिस्त्री ‘जा घरी’ म्हणाल्यावर घरी जायची त्यांना सवय. आणि मिस्त्री हात रिकामे सोडून उभे होते. भुवया पांढऱ्या, केस पांढरे, कानांच्या पाळ्यांवर भुसा. ते सगळ्यांना झटकून द्यायचे, पण त्यांच्यावर कोणी कधी हवा मारलीच नव्हती.

चौकशीने आपलं स्टूल ओढत ओढत त्यांच्यासमोर आणलं. ती त्याच्यावर चढली. फडकं पुन्हा एकदा घट्ट पिळलं.

“वाका,” ती म्हणाली, आणि आधी उजवी भुवई पुसायला घेतली.